चाकाची झालर

मनुष्य ज्या साधनाच्या बळावर आपला चरितार्थ चालवितो, त्या साधनास तो सजविल्यावाचून राहत नाही. शेतकऱ्याने बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावला, त्याच्या गळ्यात घुंगुरमाळ बांधली. कोळ्याने होडीच्या नाळेवर रंगाचे पट्टे ओढले. सुताराने आपल्या रंध्याच्या मुठीवर वेलबुट्टी कोरली. काळ पालटला, बैलगाडीच्या जागी मोटार आली, परंतु ही हौस मात्र पालटली नाही. आज मालवाहू पिकअप गाडीचा मालक गाडीच्या कपाळावर देवाचे नाव लिहून घेतो, आरशांना गोंडे बांधतो आणि चाकांवरच्या कमानींना रुंद, रंगीत कड बसवून घेतो. ह्या कडेला गॅरेजातील मंडळी 'फ्लेअर' अथवा 'क्लॅडिंग' म्हणतात. ह्या लेखापुरते आपण तिला 'चाकाची झालर' म्हणू. ही झालर कशासाठी असते, ती कशी बसवावी व कशी रंगवावी, आणि तिच्यापायी कोणते अनर्थ ओढवू शकतात, ह्याचा विचार आपणांस येथे करावयाचा आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, कायदा आणि शेजारधर्म ह्या चारही गोष्टी त्यात कशा गुंतल्या आहेत, ते पुढे दिसून येईल.

प्रथम आपला मुलूख पाहू. जोयडा तालुका उत्तर कन्नड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर वसला आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. पूर्वी ह्या तालुक्याचे नाव सुपे; काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली ते जुने गाव गेले आणि तालुक्याचा कारभार जोयड्याहून चालू लागला. एका अंगास रामनगर व अनमोड, दुसऱ्या अंगास गणेशगुडी, कुंभारवाडा, अणशी. मध्ये दाट अरण्य, विखुरलेल्या वाड्या आणि वळणावळणाचे रस्ते. पाऊस येथे मुसळधार कोसळतो. डांबरी सडक सोडून वाडीच्या वाटेस लागले की जांभ्याची तांबडी माती चाकांस चिकटते. अशा ठिकाणी सुपारी, नारळ, भात, कंदमुळे, सिमेंट, पत्रे हे सारे इकडून तिकडे नेणारी छोटी मालगाडी म्हणजे कुटुंबाचा कमावता पुत्रच होय. तिच्यावर कर्जाचे हप्ते असतात आणि तिच्या कमाईवर मुलांच्या शाळेचा खर्च चालतो. म्हणून तिच्या शृंगाराचा प्रश्न हा निव्वळ हौसेचा राहत नाही.

आता चाकाकडे वळू. धावत्या गाडीचे चाक जमिनीला जेथे टेकते, तो बिंदू त्या क्षणी जमिनीच्या मानाने स्थिर असतो. आणि चाकाचा माथा मात्र गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगाने चालली आहे असे समजा. चाकाच्या माथ्याचा वेग मग सेकंदास २० मीटर होतो. चाकाची मागील कड ह्याच वेळी सेकंदास १० मीटर वेगाने वर उचलली जात असते. टायरला चिकटलेला खडा तेथून सुटला, तर तो स्पर्शरेषेच्या दिशेने उडतो. वाटेत काहीच आडवे नसेल आणि हवेचा अडथळा हिशेबात धरला नाही, तर तो सुमारे ५ मीटर उंच जाईल. दुमजली घराचे छप्पर साधारण तितकेच उंच असते.

तोच खडा जर चाकाच्या मागील बाजूस, परंतु आसापासून ४५ अंश खाली असलेल्या बिंदूवरून सुटला, तर गाडीच्या मानाने तो सेकंदास सुमारे ७ मीटर मागे आणि तितकाच वर उडतो. तो पुन्हा खाली येण्यास सुमारे १.४ सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत तो गाडीच्या मानाने जवळजवळ १० मीटर मागे पडतो. म्हणजेच त्याच वेगाने, दहा मीटर अंतर ठेवून मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर तो येऊन आदळतो. येथे एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाने पाहिले, तर हा खडा मागे गेलेला नसतोच. तोही किंचित पुढेच जात असतो. मागचा स्वारच वेगाने त्याच्यावर जाऊन धडकतो. पुढील गाडीपासून अंतर राखावे, असे वडीलधारी माणसे सांगतात त्याचे एक कारण ह्या गणितात आहे.

ह्या चिखलखड्यांचा बंदोबस्त तीन अवयव मिळून करतात. चाकावरचे मडगार्ड वर उडणारा खडा अडविते. चाकामागे लोंबणारा रबराचा पडदा मागे उडणारा खडा अडवितो. आणि टायर जर मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल, तर बाजूस उडणारा चिखल अडविण्याचे काम झालरीचे असते. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. कारखान्याने दिलेले मूळ टायर असतील, तर कारखान्याचे मडगार्ड त्यांना पुरेसे झाकते. तेथे झालर ही झुडपांच्या ओरखड्यांपासून पत्रा वाचविते, याहून अधिक काम तिला नसते. बाकी सारी शोभा. ती शोभा करू नये असे नाही, परंतु तिला शोभाच म्हणावे.

कमानींचा इतिहासही मनोरंजक आहे. आरंभीच्या मोटारींना घोडागाडीप्रमाणे सुटी मडगार्डे असत. पुढे ती गाडीच्या अंगातच मिसळून गेली. दुसऱ्या महायुद्धात नावारूपास आलेल्या विलीस जीपची पुढील मडगार्डे सपाट फळीसारखी होती. १९४५ साली लुधियाना येथे स्थापन झालेल्या आणि १९४८ साली 'महिंद्र आणि महिंद्र' हे नाव धारण करणाऱ्या संस्थेने मुंबईत ह्याच घराण्यातील जीपगाड्या जुळविण्यास प्रारंभ केला. घाटमाथ्यावरील कच्च्या रस्त्यांना त्या गाड्या मानवल्या. त्यांना आपल्या आवडीप्रमाणे रुंद चाके व रुंद कमानी बसविण्याची हौस पुढे वाढली, आणि आता ती पिकअप गाड्यांवर उतरली आहे. २००५ साली बाजारात आलेल्या आणि लोकांनी 'छोटा हाथी' असे लाडके नाव दिलेल्या टाटाच्या लहान मालगाडीलाही ह्या सजावटीतून सुटका मिळालेली नाही.

झालरीसाठी मुख्यतः तीन पदार्थ वापरतात : लोखंडी पत्रा, काचेचे तंतू राळेत बसवून केलेले फायबर, आणि लवचिक प्लास्टिक. पत्रा मजबूत व सहज जोडता येणारा, पण गंजणारा. फायबर गंजत नाही, साच्यात हवा तो आकार घेते; परंतु दगडाचा जोराचा तडाखा बसला तर तडकते. प्लास्टिक वाकून पुन्हा पूर्वस्थितीत येते; मात्र उन्हाळ्यात ते लोखंडाच्या कित्येक पट अधिक प्रसरण पावते. म्हणून त्याची भोके थोडी लांबट ठेवावी लागतात. ती गोल व घट्ट ठेवली, तर उन्हात झालर फुगून लाटेसारखी वाकडी होते.

आता रंगाकडे येऊ. पुष्कळांची समजूत अशी की, रंग म्हणजे वरून दिसणारा रंग. वस्तुतः तो डोळ्यांना दिसणारा अगदी थोडा भाग होय. चांगल्या रंगकामात आधी पृष्ठभाग साबणाने व मग तेल काढणाऱ्या द्रवाने स्वच्छ करतात. नंतर पॉलिशपेपरने तो घासतात. प्रथम जाड, मग मध्यम, शेवटी बारीक. खाचखळगे असतील तेथे पुट्टी भरून पुन्हा घासतात. त्यावर प्रायमरचा हात देतात. प्रायमर हा खालच्या पदार्थाला व वरच्या रंगाला एकत्र बांधणारा मध्यस्थ होय. मग पातळ थरांनी रंग, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक लेप. ह्या साऱ्या थरांची एकत्र जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर भरते. एवढ्या पातळ कवचावर पावसाचा, उन्हाचा व दगडांचा मारा थोपविण्याची जबाबदारी असते. खालचा एक थर जरी अप्रामाणिक निघाला, तरी वरचे सारे थर त्याच्यासह गळून पडतात.

प्लास्टिकच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, थेंब घरंगळून जातो, हे आपण परसात रोज पाहतो. काही प्लास्टिकांवर रंगाची तीच गत होते. रंग वरवर बसल्यासारखा दिसतो, पण त्याची पकड नसते. पहिल्या पावसाळ्यातच त्याच्या साली निघतात. म्हणून प्लास्टिकसाठी वेगळे प्रायमर असते आणि झालर वाकली तरी तडकू नये म्हणून रंगात लवचिकपणा आणणारे द्रव्य मिसळतात.

रंग देण्याची वेळही पाहावी लागते. फवाऱ्याने रंग मारला की त्यातील थिनर भरभर उडून जाते आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. माठातील पाणी ज्या कारणाने थंड होते, तेच हे कारण. थंड झालेल्या पृष्ठभागावर दमट हवेतील बाष्प जमते आणि चकचकीत व्हावयाचा रंग पांढुरका, निस्तेज पडतो. जोयड्याच्या पावसाळ्यात हवा सदा ओलीचिंब असते. म्हणून येथे रंगकामाचा खरा हंगाम पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत येतो. दुसरी सावधगिरी माणसाच्या जीवाची. कठीण होणाऱ्या नव्या रंगांच्या कठीणकात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांचे बारीक तुषार फुप्फुसांत गेल्याने दम्याचा विकार जडू शकतो. तोंडाला रुमाल गुंडाळून हे काम करणारा कारागीर आपल्या आयुष्याशी खेळत असतो. त्याला योग्य मुखवटा आणि मोकळी हवा मिळालीच पाहिजे. उरलेले थिनर ओहोळात ओतणे हाही तसाच अपराध. येथील ओहोळ अखेर काळी नदीला मिळतात, आणि खालच्या गावची माणसे व अरण्यातील श्वापदे तेच पाणी पितात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. झालर बाहेरून कितीही सुंदर दिसो, तिची परीक्षा आतल्या बाजूने करावयाची असते. झालर बसविण्यासाठी मडगार्डच्या पत्र्यात भोके पाडतात. प्रत्येक भोकाची कड म्हणजे उघडे लोखंड. कारखान्याने दिलेले रंगाचे कवच तेथे भेदले जाते. शिवाय झालर व पत्रा यांच्यामध्ये एक अरुंद फट राहते. चाकाने उडविलेला तांबडा चिखल त्या फटीत जाऊन बसतो. बाहेरचा चिखल उन्हाने वाळून झडतो. आतला मात्र ओल्या फडक्यासारखा दिवसेंदिवस पत्र्याला चिकटून राहतो. लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू तिन्ही एकत्र आले की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो वरच्या रंगाला आतून उचलतो आणि रंगावर फोड येतात. जांभ्याच्या मातीचा तांबडा रंगही लोखंडाच्या संयुगांमुळेच आलेला आहे. ती माती आणि हा गंज एकाच कुळातले. रंगाचा पहारा सुटला की पत्र्याने मातीच्या कुळात परत जाण्यास वेळ लागत नाही.

ह्याचा अर्थ असा की, ज्या झालरीने पत्र्याचे रक्षण करावयाचे, तीच निष्काळजीपणे बसविली असता पत्रा खाऊन टाकते. आणि ते बाहेरून कोणास दिसत नाही. मालक वरचा रंग पुसून चकचकीत ठेवतो, आत कमान पोखरत असते. उपाय कठीण नाहीत. भोक पाडल्यावर त्याची कड घासून तेथे गंजरोधक प्रायमर लावावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. स्क्रूखाली रबरी चकती घालावी. झालरीच्या कडेला रबरी पट्टी बसवावी, परंतु तळाशी पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी. पावसाळ्यात दर आठवड्यास आतल्या फटीत पाण्याची जोराची धार सोडावी. पाऊस सरल्यावर एकदा झालर उतरवून आतून पाहावे. ह्या पाच गोष्टी करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने झालर बसवू नये हेच बरे.

एक साधा प्रयोग विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावा. लोखंडाचे तीन खिळे घ्यावेत. पहिला घासून चकचकीत करून तसाच ठेवावा. दुसरा आधी आठ दिवस ओलसर जागी ठेवून गंजू द्यावा आणि गंजावरच रंगाचा हात द्यावा. तिसरा नीट घासून, पुसून, प्रायमर लावून मग रंगवावा. तिन्ही खिळे निम्मे पाण्यात, निम्मे हवेत राहतील असे पेल्यात उभे करून पाऊसभर ठेवावेत आणि दर रविवारी त्यांची स्थिती वहीत नोंदवावी. आरंभी दुसरा व तिसरा खिळा दिसण्यात सारखेच असतील. पावसाळा संपेल तेव्हा कोण खरा आणि कोण खोटा, हे त्यांनाच विचारावे.

झालरीबरोबर पुष्कळ जण रुंद व मोठे टायरही बसवितात. किंबहुना मोठ्या टायरसाठीच झालर लागते. तेथे हौसेला विवेकाचा लगाम हवा. टायरचा व्यास शेकडा ५ ने वाढला, तर वेगदर्शक काटा ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ६३ ने धावते. चाक मोठे झाले की ते थांबविण्यास ब्रेकला अधिक जोर लागतो. गाडीची उंची वाढते, तोल वर सरकतो. अनमोड वा अणशीच्या घाटात माल भरलेली गाडी वळणावर असताना ह्या प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते. रुंद झालेली गाडी समोरच्या एसटीला वाट देताना पूर्वीच्या सवयीने हाकली, तर पायी चालणारी शाळकरी मुले तिच्या कडेला येतात.

कायद्यानेही ह्या बाबतीत मर्यादा आखून दिली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२व्या कलमाचा आशय असा की, निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल, असा फेरबदल मालकाने करू नये. केरळातून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवण्यात आली. गाडीचा रंग नोंदणीपत्रात लिहिलेला असतो. म्हणून रंग बदलावयाचा तर आधी परिवहन कार्यालयास विचारावे. आणखी एक नियम पुष्कळांस ठाऊक नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१व्या नियमानुसार सैन्याच्या गाड्यांचा ऑलिव्ह हिरवा रंग खाजगी गाडीला देता येत नाही. जीपची हौस असलेल्या तरुणांना तोच रंग अधिक मोहवितो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. दिशादर्शक दिवे, परावर्तक व नंबरपाटी ह्यांवर झालर वा रंग चढता कामा नये. धुक्यात आणि पावसात समोरच्यास आपली ओळख त्यांवरूनच पटते.

कायदा हा हौसेचा वैरी आहे असे समजण्याचे कारण नाही. रस्ता सर्वांचा आहे. माझी गाडी माझ्या मालकीची असली, तरी तिने उडविलेला खडा मागच्या स्वाराच्या डोळ्यात जातो आणि तिने अडविलेली जागा दुसऱ्याच्या वाटणीची असते. मर्यादेत राहूनही सौंदर्याला पुष्कळ वाव आहे. गाडीच्या मूळ रंगाशी जुळणारी वा शोभून दिसणारी झालर, कडेने ओढलेली एखादी बारीक रेघ, हाताच्या कुंचल्याने रेखाटलेले गावाचे नाव, एवढ्याने गाडीला तिचे स्वतःचे रूप येते. छापील चिकटपट्ट्यांच्या ह्या काळात कुंचल्याची सुबक रेघ ओढणारा रंगारी अजून जिथे आहे, तिथे त्याला ते काम द्यावे. त्याच्या हातातील कला त्यामुळे जिवंत राहील.

कोणाच्या गाडीची झालर पाहण्याचा योग आला, तर तिच्या चकाकीवरून मत बनवू नये. वाकून तिच्या आतल्या बाजूने बोट फिरवावे. बोटाला कोरडा, गुळगुळीत रंग लागला तर मालक व कारागीर दोघेही जाणते आहेत असे खुशाल समजावे. ओला चिखल आणि गंजाचे पापुद्रे हाती आले, तर ती झालर नव्हे, रोगावर पांघरलेली शाल आहे असे ओळखावे. आणि गाडीच्या मालकास, त्याचा मान राखून, ते वेळीच सांगावे.